चकमकीची ५४ कॅलिबर रायफल: बार कसा ठरवावा, माशी कधी घासावी?

हॅरिसबर्गकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

पेनसिल्व्हेनियात नाताळ झाला की २६ डिसेंबरपासून हरणांचा एक वेगळा हंगाम लागतो. त्यात बंदूक म्हणून फक्त फ्लिंटलॉक चालते, म्हणजे चकमकीवर पेटणारी, तोंडाकडून ठासायची. दुर्बीण नाही, टोपी (बार पेटवणारी कॅप) नाही, काडतूस नाही. १९७४ पासून हे सुरू आहे. याच राज्यातल्या लँकॅस्टरच्या आसपास अठराव्या शतकात जर्मन कारागिरांनी लांब नळीची अमेरिकी रायफल घडवली. इतकी वर्षं इथे राहून त्या हत्याराशी ओळख नसावी हे मनाला पटेना, म्हणून यंदा एक घेतली.

रायफल नवी आहे. ५४ कॅलिबर, म्हणजे नळीचा व्यास ०.५४ इंच, ३२ इंची अष्टकोनी नळी, आतल्या चरांचा ६० इंचांत एक पीळ (फेरा). पुढे नेम धरायची एकसंध पात्याची माशी आहे, मागे खाचेची पट्टी. पट्टी आडवी ठोकून सरकवता येते, वरखाली होत नाही. गोळी ०.५३० इंचाची, शुद्ध शिशाची. गोळीभोवती गुंडाळायचे कापडी पॅच दुकानात कापून, वंगण लावून मिळतात तेच. दारू खरी काळी, टू-एफ दाण्याची (एफ जितके जास्त तितका दाणा बारीक). दुकानदाराने ९० ग्रेन (वजनाचं बारीक माप) सांगितले तेवढेच भरतोय.

५० यार्डांवर बेंचवरून पाच गोळ्या नऊ-दहा इंचांत पसरतात आणि सगळ्या नेमाच्या खाली लागतात. रेंजवरचे एक आजोबा म्हणाले, "माशी उंच आहे, घास." कानस आणून ठेवली आहे. घासू का? की आधी दारू कमी-जास्त करून पाहू? सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये.

डोंगरवाट

कानस पेटीतच राहू द्या. माशी एकदा घासली की परत वाढत नाही, आणि तुमचा बार, म्हणजे दारू-कापड-वंगणाचा मेळ, अजून ठरलेला नाही. पाच ग्रेन दारू वाढली, कापड बदललं, वंगण बदललं की गोळीची उंची बदलते. आजोबांचं निदान बरोबर आहे, गोळी खाली लागते कारण माशी उंच आहे. कारखान्यातून ती मुद्दाम उंच देतात, घेणाऱ्याने आपल्या बाराप्रमाणे उतरवावी म्हणून. पण ते काम सगळ्यात शेवटचं.

आधी ग्रुप, म्हणजे कागदावरचा गोळ्यांचा घोळका, लहान करायचा. तो कागदावर कुठेही पडो, नेम त्याच एका ठिपक्यावर धरायचा. नऊ-दहा इंच पसरणाऱ्या गोळ्यांचा मध्य कुठे आहे हे पाच गोळ्यांवरून सांगताच येत नाही, मग माशी किती घासायची ते कशावरून ठरवणार?

आता या बंदुकीत काय चालतं ते बघा. नळी ०.५४० ची, गोळी ०.५३० ची. गोळी पिळाला शिवतच नाही. पीळ धरतं ते कापड आणि कापड गोळीला फिरवतं. मागचा जाळ पुढे जाऊ न देणं, नळीतली काजळी मऊ ठेवणं, शिसं लोखंडाला लागू न देणं, हे सगळंसुद्धा त्या चिंधीच्याच माथी. म्हणून ठासणीच्या रायफलीत अर्धा नेम कापडात असतो. दुकानातले तयार पॅच बहुधा पातळ निघतात, शिवाय वंगण लावून किती महिने डबीत पडले होते कोण जाणे. तेल मुरून कापड कुजतं आणि बार उडाला की फाटतं.

कापडाच्या दुकानातून गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड आणा, शंभर टक्के सुती. त्यात कृत्रिम धागा असला तर तो वितळून नळीला चिकटतो. गरम पाण्यात धुऊन खळ काढा, वाळवा. व्हर्नियरमध्ये घट्ट दाबून जाडी मोजा. ०.०१५ ते ०.०१८ इंच हवी. गोळी तोंडाशी बसवताना लाकडी मुठीच्या स्टार्टरवर एक ठोसा लागला पाहिजे. अंगठ्याने आत जात असेल तर ते ढिलं.

दारू ५५ ग्रेनपासून सुरू करा. जितकं कॅलिबर तितके ग्रेन हा जुन्या लोकांचा आरंभाचा आकडा, तो आजही चांगलाच आहे. २५ यार्डांवर पाच गोळ्या. मग ६०, ६५, ७०, असं पाच-पाचने वर. दर टप्प्याला नवा कागद, त्यावर तारीख, हवा, दारू, कापड, वंगण लिहा. ग्रुप आवळत जाईल, एका जागी सगळ्यात लहान होईल आणि पुढे पुन्हा पसरायला लागेल. त्या लहान जागेच्या दोन्ही बाजूंना ५० यार्डांवर पुन्हा तपासायचं. बंदुकीसोबत आलेल्या पुस्तिकेत जास्तीत जास्त किती भरायचं ते दिलेलं असतं. ती मर्यादा कोणत्याही कारणाने ओलांडायची नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दारू आणि कापड दोन्ही एकदम बदललं तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

थ्री-एफचा एक डबाही आणा. ५० कॅलिबरपर्यंत थ्री-एफ आणि वर टू-एफ असं सांगतात, पण ५४ मध्ये दोन्ही चालतात. थ्री-एफचा दाणा बारीक, जळतो जलद, काजळी थोडी कमी. दाबही जास्त होतो, म्हणून टू-एफपेक्षा दहाएक टक्के कमी भरायची.

हे मात्र सवयीचंच झालं पाहिजे:

दारू शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत ओतायची नाही. आधी मापात, शिंगाला बूच, मग मापातून नळीत. आधीच्या बाराची ठिणगी आत राहिली असेल तर पेट मापातल्या दारूचा होईल, हातातल्या शिंगाचा होणार नाही.

गोळी दारूवर पक्की टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, फुटूही शकते. पहिल्यांदा बार नीट बसला की गजावर नळीच्या तोंडाशी रेघ मारून ठेवा. रेघ तोंडाच्या वर दिसली तर बार उडवायचा नाही, गोळी खाली बसवायची. दारू वाढवली की रेघ बदलते हेही लक्षात असू द्या.

धूररहित दारू, जी आजच्या काडतुसांत असते, ती या नळीत चिमूटभरसुद्धा नको. माणूस मरतो.

आणि ठासताना तोंड नळीवर आणू नका. अंग बाजूला ठेवा, गज वीत-वीतभर पकडून दाबा.

सातपुडा

छान माहिती. पण ५५ ग्रेन म्हणजे फारच कमी वाटतात. माझी इनलाइन, म्हणजे आधुनिक ठासणीची रायफल, आहे, ५० कॅलिबर, २८ इंचांत एक पीळ, प्लास्टिकच्या सॅबोमध्ये (वेष्टनात) तांब्याची गोळी. १०० ग्रेन पर्यायी दारूवर १०० यार्डांवर मस्त ग्रुप देते. हरणासाठी जोर नको का? ९० वरून खाली यायचं कारण कळलं नाही.

डोंगरवाट

सातपुडा, तुमची रायफल आणि ही रायफल यांत तोंडाकडून भरणं एवढंच सारखं. तुमची गोळी लांबट, ती स्थिर ठेवायला जलद पीळ लागतो. गोल गोळीला लांबीच नसते, तिला ६०-७० इंचांत एक फेरा पुरतो. जलद पिळात जास्त दारूने गोल गोळी हाणली तर कापड पीळ सोडून सरळ घसरतं.

जोराचं म्हणाल तर गोल गोळी हवेत फार लवकर मंदावते. तोंडाशी सेकंदाला १७०० फूट असली तर १०० यार्डांवर ११०० च्या आसपास उरते. दारू वाढवून तोंडाशी आणखी १५० फूट मिळवले तरी १०० यार्डांवर त्यातले निम्मेही हाती राहत नाहीत. खांद्याला धक्का मात्र पूर्ण बसतो, आणि धक्क्याला घाबरून डोळे मिटणारा माणूस चकमकीच्या बंदुकीने काही टिपू शकत नाही. ०.५३० ची गोळी २२४ ग्रेन वजनाची असते. ती ६०-७० यार्डांवर पुढच्या खांद्यामागे, फासळ्यांत योग्य जागी लागली की हरणाला पुरते. चुकीच्या जागी लागली तर १२० ग्रेन दारूही त्या जनावराचे हाल टाळू शकत नाही. उघड्या माशीवर आपला हात जिथे हमखास आहे तेवढंच आपलं अंतर.

नारायणपेठ

एक जुनं उदाहरण आठवलं. १८५३ च्या पॅटर्नची एन्फिल्ड, जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ मध्ये आपल्याकडे आगडोंब उसळला, तीही ठासणीची रायफल. ०.५७७ इंचाची नळी, तीन चर, ७८ इंचांत एक पीळ. तिची लांबट गोळी ५३० ग्रेनची आणि दारू फक्त अडीच ड्रॅम, म्हणजे ६८ ग्रेन. इथल्यापेक्षा दुपटीहून जड गोळी आणि तरीही दारू ९० च्या खाली. लष्कराने तो आकडा उगाच ठेवला नसणार.

वंगणाचं महत्त्वही त्याच गोष्टीत आहे. वंगण नसेल तर दोन-चार बारांनंतर काजळीने गोळी खालीच जात नाही. चरबी, मेण किंवा तेल, काहीतरी लागतंच. गाईची आणि डुकराची चरबी असल्याच्या बातमीने पलटणीत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहेच.

वाडीकर

मी सिंधुदुर्गातला. आमच्या घरात आजोबांपासून शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागल्यावर परत आणायची. आमची नळी आतून गुळगुळीत, पीळबीळ काही नाही. दारू, त्यावर काथ्याचा बोळा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा. डुकरं आणि माकडं बागेतून हाकलायला आवाजाचा बार पुरतो, त्यामुळे नेमाचा एवढा विचार आम्ही कधी केला नाही. हे कापडाचं प्रकरण पहिल्यांदाच वाचतोय.

एक शंका. कापड जाळातून जातं तर ते पेटत नाही का? आमच्याकडे मे महिन्यात काथ्याच्या बोळ्याने गवत पेटतं, म्हणून कोणीतरी मागे पाणी घेऊन उभा राहतो.

डोंगरवाट

वाडीकर, तुमची शंका अगदी कामाची. हो, धुमसत पडतं. चांगलं वंगण लावलेलं जाड कापड क्वचितच पेटतं, पातळ आणि कोरडं मात्र पेटतं. कोरड्या पाचोळ्यात बार केला की जाऊन पाहायचंच.

ते उचलण्याला दुसरंही कारण आहे. पॅच दहा-पंधरा यार्डांच्या आत पडलेले असतात आणि बंदुकीच्या पोटात काय झालं ते त्यांच्यावर छापलेलं असतं. रेंज थंड झाली की हॅरिसबर्गकरांनी तिकडे आधी जावं, कागद नंतर बघावा.

अनघा_क

दारू-कापडाचं डोंगरवाटदादांनी सांगितलंच आहे. मी चकमकीबद्दल लिहिते, कारण फ्लिंटलॉकमध्ये ग्रुप पसरायचं ते एक मोठं आणि दुर्लक्षित कारण असतं. मी ओहायोत राहते आणि इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनच्या स्पर्धा बघायला जाते. ती संस्था १९३३ ची. तिथले चांगले नेमबाज बार भरण्याइतकाच वेळ कुलपावर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेवर, घालवतात.

गार दगडाची धार सरळ हवी आणि पोलादी झाकणीला ती पूर्ण रुंदीत एकदम भिडली पाहिजे. एक कोपरा आधी लागला तर ठिणग्या अर्ध्याच पडतात. दगड चामड्याच्या घडीत घट्ट आवळा. धार बोथट झाली की पितळी दांडीने हलके टिचके मारून नवी काढायची.

पॅनमध्ये (कुलपाच्या बाहेरच्या वाटीत) रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, भरताना सगळे जास्तच भरतात. फोर-एफ दारू तीनेक ग्रेन पुरे, पॅन अर्धाही भरायचा नाही. टच-होल (पॅनमधून नळीत जाणारं भोक) दारूखाली झाकलं गेलं तर ज्वाला थेट आत न जाता दारू वातीसारखी जळत जळत भोकापर्यंत पोचते. कानाला "फुस्स... धाड" असं दोन तुकड्यांत ऐकू येतं. रंजक भोकाच्या खालच्या कडेच्या खाली राहिली तर तिचा भपका थेट आतल्या दारूवर जातो आणि दोन्ही आवाज एक होतात. प्रत्येक बारानंतर टच-होलमध्ये सुई घालून काजळी काढा, पॅन आणि झाकणी कोरड्या फडक्याने पुसा. दमट हवेत काळ्या दारूची काजळी पाणी ओढते आणि पॅनमध्ये काळा चिखल होतो.

पर्यायी दारू चकमकीच्या कुलपात वापरू नका. तिला पेटायला काळ्या दारूपेक्षा जास्त उष्णता लागते. टोपीच्या बंदुकीत ती मिळते, पॅनच्या भपक्यात बहुतेकदा मिळत नाही.

शेवटचं नेमबाजाबद्दल. चाप ओढल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंत काडतुसाच्या रायफलीपेक्षा जास्त वेळ जातो, त्यात डोळ्यांसमोर भपका होतो. माणूस नकळत डोकं उचलतो. घरी दगडाच्या जागी तेवढाच लाकडी तुकडा बसवा, बंदूक रिकामी आहे हे गज टाकून तपासा आणि रोज थोडा वेळ सुका सराव करा. घोडा पडल्यावरही माशीवरून नजर हलता कामा नये. उभ्या रेषेत पसरणारे ग्रुप मी पाहिलेत, त्यांत दारूचा दोष क्वचितच असतो.

भरताना घोडा अर्ध्या चापावर, झाकणीवर चामड्याची टोपी आणि पॅन रिकामा. रंजक घालायची ती निशाणाकडे तोंड केल्यावरच. उजव्या बाजूला कोणाला उभं करू नका, टच-होलमधून आडवी ज्वाला निघते. डोळ्यांना चष्मा हवाच, बघणाऱ्यांच्याही.

हॅरिसबर्गकर

सगळ्यांचे आभार. कुलपाचं अनघाताईंनी सांगितल्याप्रमाणे केलं आणि बार एका आवाजात उडायला लागला. ५५ ग्रेनपासून ७० पर्यंत २५ यार्डांवर गेलो, जुन्याच पॅचवर. ग्रुप आधीपेक्षा लहान आहे, पण मनासारखा नाही.

पॅच गोळा केले. मधोमध काळा गोल आहे, भोक नाही. पण गोळीच्या कडेशी जिथे घडी येते तिथे वर्तुळाकार कापल्यासारख्या बारीक चिरा आहेत, बहुतेक पॅचवर सारख्याच अंतरावर. हे काय दाखवतंय?

डोंगरवाट

मध्ये भोक नाही म्हणजे जाळ गोळीमागून शिरलेला नाही. मध्यभाग जळून गेला असता तर कापड पातळ किंवा वंगण कमी असं म्हटलं असतं. कडा दोऱ्या सुटून विस्कटल्या असतील तर काळजी नको, तसं होणारच.

सारख्या अंतरावरच्या चिरा म्हणजे पिळाच्या धारा कापडाला कापतायत. नव्या नळीत असं होतं. कापतंय कुठे ते शोधा. कापडाची लांब पट्टी घ्या, बंदूक पूर्ण रिकामी आहे याची खात्री करा. दारू न घालता पट्टीत गोळी बसवून तोंडाच्या आत जेमतेम एक इंच ढकला आणि पट्टी धरून बाहेर ओढा. तेवढ्यातच चिरा पडल्या तर दोष तोंडाच्या कडेचा. पट्टी धड निघाली तर धारा आत खोलवर आहेत.

कडेचा दोष असेल तर बारीक पॉलिश कागद, ४०० नंबरचा, अंगठ्याच्या पोटाखाली धरून तोंडावर गोल गोल फिरवायचा. अंगठा आपोआप मध्यावर राहतो. थोडं फिरवलं की बंदूक पाव वळणाने फिरवायची, म्हणजे एका बाजूला जास्त घासलं जात नाही. काही खोडायचं नाहीये, फक्त धार मोडायची आहे. दोष आत असेल तर सफाईच्या जॅगवर (गजाला लावायच्या टोकावर) बारीक स्टील-वूल आणि थोडं तेल घेऊन पूर्ण लांबी मागे-पुढे करा, आणि बाकीचं काम पुढच्या बारांवर सोडा. वापराने धारा बसतातच.

आणि जाड कापड. ते अजून बदललेलं दिसत नाही.

सातपुडा

ठासणीच्या बंदुकीचं पॅच-वाचन इतक्या तपशिलात मराठीत पहिल्यांदाच वाचलं. वाचनखूण साठवली. दोन बारांमध्ये नळी पुसावी की नाही, यावर मात्र इथे रेंजवर रोज वाद होतो.

डोंगरवाट

वाद होणारच, कारण दोघंही खरं बोलतात. काळी दारू जळाल्यावर निम्म्याहून अधिक वजन घन राखेच्या रूपात मागे राहतं. तो थर जमत गेला की प्रत्येक गोळी वेगळ्या घट्टपणाच्या नळीतून जाते. म्हणून बार ठरवताना प्रत्येक गोळीनंतर पुसा. ओलसर पॅच एकदा खाली-वर, उलटा करून पुन्हा, मग एक कोरडा. ओला म्हणजे निथळणारा नव्हे, नाहीतर पाणी तळाशी साचून पुढची दारू भिजते. कोणी पुसत नाहीत, ते वंगणच इतकं ओलं वापरतात की पुढचा पॅच मागची काजळी घेऊन खाली जातो. तेही चालतं. फक्त एक पद्धत धरली की ती सोडायची नाही.

रेंजवर पाण्यात मिसळणारं तेल एक भाग आणि पाणी सहा-सात भाग करून कापड भिजवायचं, सपाट वाळवायचं. पाणी उडून जातं आणि प्रत्येक पॅचमध्ये सारखं तेल राहतं. शिकारीला बार तासन्‌तास नळीत बसून राहतो, तिथे पाण्याचं वंगण नको. मधमाशीचं मेण आणि ऑलिव्ह तेल वितळवून केलेलं मलम बरं, थंडीत तेल थोडं जास्त घालायचं. पेट्रोलियमचं तेल काळ्या दारूबरोबर जळलं की डांबरासारखा चिकट थर होतो, म्हणून भरण्याआधी नळीतलं गंजरोधक तेल अल्कोहोलच्या पॅचने पूर्ण काढा.

हॅरिसबर्गकर

पट्टी एक इंचावरच कापली गेली. अंगठा आणि कागद घेऊन तोंडाची कड सौम्य केली. दुसरी पट्टी ओढली, अखंड निघाली. गादीचं कापड धुऊन ०.०१८ चं घेतलं, दारू थ्री-एफ. ६० ला बरा, ६५ ला आणखी आवळला, ७० ला सगळ्यात लहान, ७५ ला पुन्हा उघडला, ८० ला स्पष्टच पसरला. ७० ग्रेन ५० यार्डांवर परत परत तपासले. पाच गोळ्या अडीच इंचांत येतायत. पॅच इतके धड निघतात की पुन्हा वापरता येतील असं वाटतं.

ग्रुपचा मध्य नेमाच्या साडेचार इंच खाली आणि दोन इंच उजवीकडे आहे. आता कानस घेऊ का?

अनघा_क

आता घ्या! पण आधी गणित. दोन्ही साइटमधलं अंतर मोजा. समजा २४ इंच. ५० यार्ड म्हणजे १८०० इंच. चूक गुणिले साइटमधलं अंतर, भागिले निशाणापर्यंतचं अंतर. ४.५ गुणिले २४ भागिले १८०० म्हणजे ०.०६ इंच, साधारण दीड मिलिमीटर. माशी तेवढी उतरवायची आहे.

सगळी एकदम उतरवू नका. आधी व्हर्नियरने माशीची उंची मोजून लिहा, एक मिलिमीटर घासा, माथा चौकोनी आणि सपाट ठेवा, मग पाच गोळ्या. राहिलेलं थोडं थोडं. गोळी खाली लागत असेल तर पुन्हा घासता येतं, वर लागायला लागली तर नवी माशी बसवावी लागते.

आडवं सोपं आहे. दोन इंच उजवीकडे म्हणजे मागची पट्टी डावीकडे न्यायची, ज्या दिशेला गोळी हवी त्या दिशेला मागची पट्टी. २ गुणिले २४ भागिले १८०० म्हणजे ०.०२७ इंच, मिलिमीटरच्या दोन-तृतीयांशाएवढं. नळीवर आणि पट्टीवर मिळून एक बारीक रेघ मारा म्हणजे किती सरकली ते दिसतं. पितळी किंवा लाकडी ठोकणी वापरा, पोलादी नको.

डोंगरवाट

गणित अचूक. एक भर घालतो. शेवटची काही घासणी बेंचवर न करता, शिकारीत जसे बसाल किंवा झाडाला टेकाल तसं करून पाहून ठरवा. वाळूच्या पिशवीवर नळी टेकली तर गोळी वेगळी जाते. पिशवी हाताखाली, नळीखाली नव्हे.

५० यार्डांवर बरोबर बसवली की ही गोळी १०० वर चार-पाच इंच खाली जाईल. ७५ पर्यंत नेम तसाच धरला तरी चालतो. वारा मात्र मनावर घ्या. ताशी दहा मैलांचा आडवा वारा १०० यार्डांवर गोल गोळीला आठ-दहा इंच ढकलतो. वाऱ्याच्या दिवशी जवळूनच.

आणि सगळं जुळल्यावर एक चाचणी उरते. रात्री नळी स्वच्छ करून, तेल काढून, कोरडी ठेवा. सकाळच्या थंडीत रेंजवर जाऊन एकच गोळी मारा. जंगलात हरणासमोर पहिली गोळी काजळी नसलेल्या थंड नळीतूनच सुटणार आहे, ती कुठे लागते हे कागदावर माहीत असलं पाहिजे. वेगवेगळ्या सकाळी हे करा आणि त्या गोळ्या एकाच कागदावर जमवा. तो ग्रुप सगळ्यात महत्त्वाचा.

वाडीकर

बार चुकला तर? आमच्याकडे पावसाळ्यात नेहमी होतं.

डोंगरवाट

बंदूक निशाणाकडेच धरून निदान एक मिनिट थांबायचं. आत दारू धुमसत असेल तर ती उशिरानेही पेटते. मग टच-होल सुईने मोकळं करून नवी रंजक. तरीही नाही तर टच-होलमधून थोडी फोर-एफ आत सारायची, गोळी दारूवर टेकलेली आहे हे गजावरच्या रेघेने पाहायचं आणि पुन्हा बार. दारू घालायचीच राहून नुसती गोळी ठासली गेली असेल तरीही हाच उपाय. त्यानेही नाही निघाली तर रंजक पुसून, गजाच्या टोकाला स्क्रू लावून गोळी ओढून काढायची, घाईने नव्हे.

हॅरिसबर्गकर

माशी दोन टप्प्यांत उतरवली, अजून केसभर उंच ठेवली आहे. पट्टी सरकवली. ५० यार्डांवर ग्रुप आता ठिपक्याच्या किंचित खाली, आडवा बरोबर मध्यावर. थंड, स्वच्छ नळीतली पहिली गोळी बाकीच्यांपेक्षा इंचभर वर लागते, आणि ती दरवेळी तिथेच लागते. म्हणजे पहिली गोळी थेट ठिपक्यावर.

शेवटचा प्रश्न. पहिल्या दिवशी बार उडाला नाही तर रात्री बंदूक भरलेली घरात आणावी का?

डोंगरवाट

मग माशी आहे तशीच राहू द्या, आणखी घासू नका. तुमची पहिली गोळी जिथे हवी तिथे आहे.

भरलेली घरात मुळीच नको. अंधार पडायच्या आत परवानगीच्या जागी, मातीच्या बांधासमोर बार उडवून टाका, घरी आल्यावर साबणाच्या कोमट पाण्याने नळी धुवा, कोरडी करा, तेल लावा. काळ्या दारूची राख एका रात्रीत गंज चढवते. भरलेली थंड नळी गरम घरात आणली तर आत दंव धरतं आणि सकाळी दारू ओली असते, त्यातून घरात माणसं असतात ते वेगळंच. सकाळी निघताना तेल अल्कोहोलने काढा, कोरडा पॅच फिरवा, टच-होलमधून सुई घाला आणि नव्याने ७० ग्रेन भरा.

हात धुवा, शिसं हाताळल्यावर काही खायच्या आधी. मुलांना गोळ्यांच्या डब्याशी खेळू देऊ नका.

हॅरिसबर्गकर

समजलं. वहीत ७० ग्रेन थ्री-एफ, ०.५३० गोळी, ०.०१८ गादीचं कापड, मेण-तेल असं लिहून ठेवलं. मेणाच्या वंगणावर पहिली गोळी तिथेच लागते का ते या शनिवारी तपासतो आणि इथेच लिहितो.